टेबलाखालचं पेडल

"बाबा, तुम्ही गुप्तहेर आहात का?"

रविवारची दुपार, आम्ही तिघं जेवायला बसलेलो, आणि मी हा प्रश्न पाठ ताठ ठेवून, बाबांच्या बरोबर दोन भुवयांच्या मध्ये बघत विचारला. पैज होती ना! चष्मिस आणि उंटीण या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी मला अडवलं होतं.

"तुझे बाबा दार लावून, कानाला हेडफोन लावून दिवसभर काय करतात गं?" उंटिणीने विचारलं.

"लोकांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतात. कोर्टाची, डॉक्टरांची, भाषणांची."

"म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं ऐकतात आणि लिहून कोणाला तरी देतात," चष्मिस म्हणाली. "अगं, हेर याहून वेगळं काय करतो? दुर्बीण तेवढी घ्यायची बाकी आहे."

"विचार घरी. हिंमत असेल तर!" उंटीण म्हणाली.

हिंमत असेल तर, म्हणे. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी बुटाच्या नाड्या बघत बसले असते. तेव्हा वर्गात माझं नाव 'मूकपट' होतं. आता 'भोंगा' आहे. भोंग्याला कसली आलीय भीती?

तशी आमच्या गावात तेव्हा हेरांची साथच आली होती. क्लासचं प्रकरण पेपरात आल्यापासून ज्याला त्याला जो तो हेर वाटत होता. पाववाला हेर, पोस्टमन हेर, पलीकडच्या इमारतीतले रोज एकाच बाकावर बसणारे आजोबा तर हेरांचे मुख्य. त्यामुळे मला वाटलं, बाबा हसतील. म्हणतील, "हो, आणि तुझी आई माझी वरिष्ठ अधिकारी. सुट्टीसुद्धा देत नाही." बाबांचे विनोद असेच असतात, ते यायच्या आधी मला पाठ असतात.

बाबा हसले नाहीत. त्यांनी घास ताटात परत ठेवला. आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलला. आधी चवडा दाबला, मग उचलला, मग टाच दाबली.

बाबांच्या कामाच्या टेबलाखाली एक पेडल असतं. चवडा दाबला की रेकॉर्डिंग सुरू, उचलला की बंद, टाच दाबली की थोडं मागे. वीस वर्षं तेच करून पायाला सवय लागलीय. पण जेवणाच्या टेबलाखाली पेडल नाही. तिथे बाबांचा पाय फक्त एकदाच हलताना मी पाहिला होता, आजी गेल्याचा फोन आला तेव्हा.

"जेव गुपचूप," आई म्हणाली. "काहीतरी खूळ."

मला पाय दिसला याचं कारण सर. म्हणजे आमच्या भाषणकलेच्या क्लासचे सर, ज्यांचा फोटो आता रोज पेपरात येतो आणि जे कुठे पळाले ते कोणालाच ठाऊक नाही. क्लासचं सगळं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मला तिथे आमच्या भूगोलाच्या बाई घेऊन गेल्या. आठवीत धडा मोठ्याने वाचताना माझा आवाजच फुटला नाही. नुसतं तोंड हलत होतं, आणि मागच्या बाकावरच्या कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. मूकपट हे नाव तेव्हाचं. बाईंनी कोणाला रागे भरायच्या ऐवजी मला म्हटलं, "चल, मीही तिथे शिकते. मला तरी कुठे धड बोलता येतं चार लोकांत?" बाईंचा संध्याकाळचा मोठ्यांचा वर्ग होता. त्यात डॉक्टर, अधिकारी, वकील, एक न्यायाधीशसुद्धा. आमचा मुलांचा वर्ग त्याआधी असायचा.

आणि खरं सांगू? सर शिकवायचे फार छान. हे आता बोललं की लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी चोराची बाजू घेतेय. पण जे आहे ते आहे. डोळ्यांत बघायची भीती वाटते? भुवयांच्या मधे बघा, समोरच्याला फरक कळत नाही. हात थरथरतात? हातांना काम द्या, पेन धरा, खुर्चीची पाठ धरा. रोज एका अनोळखी माणसाला एक प्रश्न विचारा, उत्तर काय येतं याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही. (मी पाववाल्याला विचारलं होतं, "तुम्हाला पाव आवडतो का?" तो म्हणाला, "वास आला तरी पळून जावंसं वाटतं." तेव्हापासून आमची गट्टी.) महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर पहिलं वाक्य बोला आणि थांबा. लगेच सारवासारव करू नका. आणि सगळ्यात भारी म्हणजे, स्वतःचा व्हिडिओ काढा आणि आवाज बंद करून बघा. तोंड खोटं बोलतं, बाकीचं अंग बोलत नाही.

या शेवटच्या गोष्टीने तर मला वेडच लावलं. मी सगळ्यांना आवाज बंद करून बघायला लागले. आई रागावलेली नसते तेव्हाही तिचे खांदे वर असतात, दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा तपासून अवघडलेले. चष्मिस खोटं बोलताना चष्मा पुसते. आणि बाबांचा पाय.

क्लासमध्ये एक छोटी खोली होती. तिला 'रिकामी खोली' म्हणायचे. एक खुर्ची, एक कॅमेरा, बस. महिन्यातून एकदा तिथे एकट्याने जायचं आणि जे आजवर कोणालाच सांगितलं नाही ते कॅमेऱ्याला सांगायचं. सर म्हणायचे, "सांगून झालं की ते पुसलं जातं. कोणी बघत नाही. फक्त तुमच्या छातीवरचा दगड उतरतो." उतरायचाही. मी रडत आत जायचे आणि उड्या मारत बाहेर यायचे.

पुसलं जात नव्हतं.

हे कळलं ते बाईंमुळे. बाईंचे यजमान एका पेपरचे संपादक. त्यांना कोणीतरी निरोप पाठवला, अमुक एक बातमी छापू नका, नाहीतर तुमच्या बायकोने रिकाम्या खोलीत काय सांगितलंय ते गावभर होईल. बाईंनीच त्यांना सांगितलं म्हणे, छापा. त्यांनी बातमी छापली. आणि चार दिवसांत बाईंचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आला. आमच्या वर्गातसुद्धा. मुलं बाकाखाली डोकं घालून ऐकत होती.

मी तो ऐकला नाही. आवाज बंद करून बघितला. मुद्दाम ठरवून नाही, सवय म्हणून. त्यामुळे बाई काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. फक्त त्यांचे हात माहीत आहेत. मांडीवर रुमाल होता आणि त्याच्या काठाचा एकेक दोरा त्या ओढून काढत होत्या, अगदी सावकाश, काहीतरी निवडत असल्यासारख्या.

बाई शाळेत आल्या नाहीत. मग एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापकांनी सांगितलं की त्या गेल्या. कशा, ते नाही सांगितलं. कोणी हृदयविकार म्हणालं. मोठी माणसं तो शब्द उच्चारताना एकमेकांकडे बघत नव्हती.

त्यानंतर त्यांच्या यजमानांनी सगळंच छापलं. किती जणांना असं पिळलं, कोणाकडून काय करून घेतलं, ते. सर पसार झाले. आणि मग तो शब्द आला, गुप्तचर खातं. म्हणे क्लास मुळात खात्यानेच उघडला होता. म्हणे सरांचा पगार तिकडून यायचा. खात्याने हात झटकले: आमचा काडीचा संबंध नाही. क्लासवाले म्हणाले, कामावरून काढलेल्या कोणा माणसाने रेकॉर्डिंग चोरली असतील. वाचनालयाच्या सभागृहात चौकशी समिती बसली आणि रोज पेपरात यायला लागलं की रेकॉर्डिंग क्लासमधून बाहेर कोणाच्या हातात गेली हे सांगणारा एकही साक्षीदार पुढे येत नाही. सोमवार शेवटचा दिवस होता.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या टेबलाखाली, बाबांचा पाय नसलेलं पेडल दाबत होता.

पैज, चष्मिस, उंटीण, सगळं विरून गेलं. मी खुर्चीची कड धरली. हातांना काम.

"बाबा, क्लासमधली रेकॉर्डिंग तुम्ही टाइप केलीत?"

पहिलं वाक्य बोला आणि थांबा. मी थांबले. थांबणं इतकं अवघड असतं हे मला तोवर कळलंच नव्हतं. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली.

"अहो, सांगा ना तिला, नाही म्हणून," आई म्हणाली. आणि मग तिनेच बाबांकडे नीट बघितलं. "अहो?"

"सुरुवातीला मला नव्हतं माहीत क्लासचं आहे ते," बाबा म्हणाले. "एक माणूस यायचा. करड्या शर्टातला. तुला आठवतो का, तू त्याला एकदा चहा दिला होतास."

"सरकारी काम म्हणाला होता तो!" आई म्हणाली.

"हो. कार्ड दाखवलं होतं, शिक्का होता त्यावर. आता छापायला काय, कोणीही छापेल. खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. भाषेच्या अभ्यासासाठी नमुने आहेत म्हणाला. नुसते आवाज असायचे, चित्र नाही, नाव नाही, फक्त आकडा. आमच्या धंद्यात विचारत नाहीत. ऐकायचं, टाइप करायचं, विसरायचं. मी कोर्टाचं काम केलंय, डॉक्टरांचं केलंय. विसरलो नसतो तर वेडा झालो असतो."

"बाईंचा आवाज?" मी विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. "पालकसभेला भेटलो होतो की त्यांना. पहिल्या वाक्यात ओळखला."

"आणि?"

"आणि टाइप केला." चवडा, टाच. "म्हटलं, आपल्याला काय करायचंय. स्वल्पविरामसुद्धा बरोबर जागी दिले मी त्यांना."

आईने तोंडावर हात ठेवला. मला बाबांचा इतका राग आला की वाटलं उठावं आणि ताट भिरकावून द्यावं. बाईंनी एकेक दोरा ओढत जे सांगितलं ते माझ्या बाबांनी, माझ्याच घरात, मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असताना, शांतपणे टाइप केलं होतं. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी हळूहळू सरकत पुढे आलं. जर बाईंचं रेकॉर्डिंग इथे आलं, तर...

"माझं?" हा आवाज भोंग्याचा नव्हता. मूकपटाचा होता.

बाबांनी हेडफोन काढावा तसा हात कानाकडे नेला.

"आलं होतं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी, परीक्षेच्या आधी. मी हेडफोन लावला, पाय दाबला, आणि तू."

"सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"काय सांगितलं होतंस तू?" आईने मला विचारलं. मग बाबांना. "काय आहे त्यात? काय सांगितलं तिने?"

बाबांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मला कळलं की ते तिला कधीच सांगणार नाहीत. विसरायची सवय असलेला हा माणूस वर्षभर ती एक गोष्ट न विसरता एकटा घेऊन बसला होता.

"आठवीत तो व्हिडिओ फिरला ना, आई," मी म्हणाले, "तेव्हा मी गच्चीवर गेले होते. पाण्याच्या टाकीमागे. कठड्यावर."

"कुठल्या गच्चीवर?" आई म्हणाली. जणू गावात खूप गच्च्या होत्या आणि त्यातली नेमकी कोणती हे कळलं की तिला धावत जाऊन मला तिथून खाली आणता आलं असतं.

"आपल्याच. काही झालं नाही, आई. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या. मला म्हणाल्या, माऊ, तेवढा तिकडचा चिमटा दे गं. मी उतरले, चिमटा दिला आणि घरी आले."

आई उठली नाही, रडली नाही. माझं मनगट तेवढं धरलं आणि सोडेचना. मी तिचे खांदे बघितले. कानांपर्यंत गेले होते.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बाबा, गच्चीच्या दाराला कुलूप तुम्ही लावलंत?"

मला वाटायचं ते इमारतीच्या सेक्रेटरींनी लावलंय. सगळ्या काकू त्यांच्या नावाने खडे फोडायच्या, कपडे कुठे वाळवायचे म्हणून. आणि बाबा गेलं वर्षभर रोज सकाळी मला शाळेपर्यंत सोडायला यायचे, "तेवढंच माझं चालणं होतं," म्हणत. मी मैत्रिणींसमोर लाजून त्यांना कोपऱ्यावरूनच परत पाठवायचे.

"लावलं," बाबा म्हणाले. "तेवढं एकच शहाणपणाचं केलं. बाकी..." ते थांबले. "तुझी फाईल मी टाइप नाही केली, माऊ. कोरी परत पाठवली. वर शेरा मारला, आवाज नाही."

"मग बरं केलंत की!" आई म्हणाली.

"बरं?" बाबा हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आजवर मी एकही फाईल कोरी पाठवली नव्हती. विमानतळावरच्या गोंगाटातली, कारखान्यातली, खोकणाऱ्या म्हाताऱ्यांची, सगळी काढून दिली. त्यांना काय माहीत ही मुलगी कोणाची? त्यांच्याकडे घरच्यांची माहिती नव्हती, माझ्याकडे नावं नव्हती. त्या एका शेऱ्यावरून त्यांना कळलं. दोन दिवसांनी करडा शर्ट आला. म्हणाला, कानांना विश्रांती द्या साहेब, आम्हाला तर आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतोय. मुलगी कितवीत आहे?"

आईची माझ्या मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली.

"मी हातानेच दोरी नेऊन दिली त्यांच्याकडे," बाबा म्हणाले. "तेव्हापासून येईल ते टाइप करत गेलो. बाईंचं त्यानंतर आलं. परवा त्याचा फोन आला होता. समितीपुढे कोणीकोणी जातंय ऐकलं, म्हणाला. तुम्हाला एकच मुलगी ना?"

म्हणजे असं होतं तर. तो करड्या शर्टातला माणूस, त्याचं कार्ड, रेकॉर्डिंग कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, हे सांगू शकणारा एकमेव माणूस आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला होता, आणि माझ्यामुळे त्याचं तोंड बंद होतं. बाबा गप्प राहिले तर ते कामावरून काढलेल्या माणसाचं खोटं समितीच्या अहवालात छापलं जाणार, आणि बाई हृदयविकाराने गेल्या असंच राहणार. बाबा बोलले तर मंगळवारी सकाळी मुलं बाकाखाली डोकं घालून मला ऐकणार.

"कोणी कुठेही जायचं नाही," आई म्हणाली. माझं मनगट अजून तिच्या हातात होतं. "ऐकलंत का तुम्ही? मला माझी पोर हवी आहे. बाईंचं फार वाईट झालं. पण बाई गेल्या आता."

"मी कुठे जातोय," बाबा म्हणाले. "नाहीच जाणार."

दोघंही ताटांकडे बघत होते. जेवण गार झालं होतं. त्या क्षणी दोघं मला इतके म्हातारे दिसले की मला वाटलं, मीच इथली मोठी आहे.

मी विचार करायला लागले, आणि मला सांगायलाच हवं, विचार मोठे शूर वगैरे नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर चष्मिस आली, कानाला फोन लावलेली. उंटीण आली. तो मागच्या बाकावरचा आला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, ज्यांना अजूनही ठाऊक नाही की त्यांनी चिमटा मागून काय केलं. मग बाईंचे हात आले. बाईंना कोणीतरी म्हणायला हवं होतं की तुम्ही सांगा, मी तुमच्या शेजारी उभी राहते. कोणी म्हटलं नाही. मी व्हिडिओ बघून फोन बंद केला आणि गणिताच्या तासाला जाऊन बसले.

सरांचं शिकवणं आता माझ्या अंगात आहे. ते उपसून टाकता येत नाही, आणि मला ते परतही द्यायचं नाही. ज्या खोलीत त्यांनी माझ्याकडून बोलून घेतलं, तिथे मी एकटी होते आणि कॅमेरा त्यांचा होता. वाचनालयाच्या सभागृहात दिवे लागलेले असतील, लोक असतील, आणि काय सांगायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं, हे मी ठरवेन. एकदा मीच सांगून टाकल्यावर करडा शर्ट दाखवणार काय? शिळी बातमी?

मी आईचा हात हळूच सोडवला आणि उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. हात थरथरत होते, ते दिसू दिले. दोघांच्या भुवयांच्या मधे बघायचं होतं, पण बघितलं डोळ्यांतच.

"उद्या मी शाळेत जाणार नाही. मी समितीपुढे जाणार आहे."

थांबले. आईच्या तोंडून 'नाही' निघेपर्यंत थांबले. बाबांचा पाय सुरू झाला, तोही दिसला.

"गच्चीचं मी सांगणार, माझ्या तोंडाने. ते झालं की बाबा, तुमच्याकडे लपवायला काही उरत नाही, मग तुम्ही सांगायचं. बाईंच्या फाईलचंसुद्धा, स्वल्पविरामांसकट. आई, तू माझ्या शेजारी बसायचं. मुलं हसतील, मला माहीत आहे. कदाचित मला परत तसंच वाटेल. म्हणून गच्चीचं कुलूप तूर्त राहू द्या. आणि बाबा, किल्ली कुठे ठेवता ते आईलाही सांगा."